तोडण्यासाठीच लावलेली फुलं

हंगामी फुलझाडाचा सगळा कारभार एका मोसमात आटोपतो. बी रुजतं, रोप वाढतं, फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. झाडाच्या लेखी यात महत्त्वाचं काय, तर बी. ते पुरेसं तयार झालं की नव्या कळ्या आपोआप कमी होतात. फुलदाणीसाठी फूल तोडताना आपण बी धरण्यातच खोडा घालतो, आणि झाड पुन्हा फुलायला लागतं. फुलं तोडायला हात धजत नाही अशांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पहिल्यांदाच लावणार असाल तर झिनिया लावा. ऊबदार मातीत बी साधारण आठवड्याभरात उगवतं. बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल पेरायचं आणि विरळणी करून रोपांमध्ये 20 ते 30 सेंटीमीटर अंतर ठेवायचं. दाटी झाली की हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. कॉसमॉस तर याहून सोपा, फक्त त्याला खताचे लाड नकोत. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली उतरत राहतं. त्यामुळे पानांच्या बेचक्यातले डोळे (न फुटलेले कोंब) दबलेले असतात. शेंडा गेला की हा दाब सुटतो, त्याच्या वाट्याची साखरही डोळ्यांकडे वळते आणि एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात. फूल तोडतानाही हेच घडतं, म्हणून दांडा लांब ठेवून पानांच्या जोडीच्या किंचित वर कापावा. आखूड दांड्याची फुलं तोडण्यात माझ्या मते काहीच मजा नाही. एका खोडाला एकच फूल देणाऱ्या सूर्यफुलाचा शेंडा मात्र चुकूनही खुडू नका. फूल तिथेच यायचं असतं.

तोडायची वेळ प्रत्येक फुलाची वेगळी. झिनिया तोडल्यावर आणखी उमलत नाही. तिची परीक्षा अशी: फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलवा. मान लुळी पडून डुलली तर थांबा, ताठ राहिली तर कापा. कॉसमॉस मात्र कळीच्या पाकळ्या नुकत्याच सुटू लागल्या की तोडावा. पूर्ण उमललेल्या फुलावर मधमाश्या येऊन जातात, आणि परागण झालं की पाकळ्या लवकर झडतात.

फुलं भल्या सकाळी तोडावीत. रात्रभरात पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजली की जिवाणू वाढतात आणि दांड्यातल्या बारीक जलवाहिन्या तुंबतात. दांडा हवेत राहिला तर याच वाहिन्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून फुलदाणीत ठेवण्याआधी टोक पुन्हा दोनेक सेंटीमीटर कापावं. आणि फुलदाणी पिकत्या फळांपासून दूर ठेवा. फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कित्येक फुलं त्याने अकाली गळतात. अँटिर्‍हिनम (स्नॅपड्रॅगन) याबाबतीत फारच नाजूक.

मोसमाच्या शेवटी एखाद्या जोमदार झाडावरची फुलं तोडू नका, ती झाडावरच वाळू द्या. पुढच्या पेरणीचं बी मिळेल. वाण संकरित असेल तर मात्र त्या बियांतून आईसारखीच फुलं येतील याचा भरवसा नाही.