यंत्राचा सातबारा

गेल्या पावसाळ्यात एका दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गावात जोरदार पाऊस झाला, असं शाळेच्या हवामान केंद्राची नोंद सांगते. त्या दिवशी दहा वाजता मी तुरीच्या धुऱ्यावर उभा होतो आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस आला तो दुपारी अडीचला.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. शाळेच्या गच्चीवर मुलांनी आणि सरांनी मिळून हे केंद्र उभारलं. पाऊस मोजणारी, भरली की कलंडणारी एक वाटी, तापमान मोजणारी एक चिप आणि खाली कपाटात रास्पबेरी पाय ३ नावाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्या दिवशी लाइट साडेनऊला गेली आणि दोनला आली. या पायच्या पोटात सेलवर चालणारं घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून विचारून घेतो. लाइट गेली की आमच्याकडे टॉवरही झोपतो, त्यामुळे विचारायला कोणी नसतं. मग तो अधूनमधून मेमरी कार्डावर लिहून ठेवलेली शेवटची वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो. म्हणजे दोन वाजता जागा झालेला पाय समजत होता की अजून साडेनऊच वाजलेत.

गावात याचं कारण आधीच ठरलं होतं. एका आबाजींच्या मते यंत्र अवसेला बिघडते. नोंदी काढून पाहिल्या तर यंत्र चुकलेला प्रत्येक दिवस लाइट गेलेला दिवस होता. त्यातले काही अवसेला होते, कारण आमच्याकडे लाइट कोणतीच तिथी सोडत नाही. दारावर लटकवलेली लिंबू-मिरची मी काढली नाही. तिचा वायरीला स्पर्श होत नाही, एवढं पाहून घेतलं.

सरांनी डीएस३२३१ हे घड्याळ मागवलं. बोटाच्या पेराएवढी पट्टी, मागे गोल सेल. या चिपवर माझा जीव आहे. साध्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक तापमान बदललं की थोडा पुढेमागे होतो. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या यंत्राचं काय होत असेल ते विदर्भात सांगायची गरज नाही. ही चिप स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे स्फटिकाची चाल दुरुस्त करते. ० ते ४० अंश सेल्सियसमध्ये तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

चार वायरी जोडल्या. पाय सुरू केला. वेळ चुकलेलीच. नववीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, घड्याळ तं लावलं, मंग टाइम काहून चुकते?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पेनड्राइव्ह खोचला की चालतो, मग घड्याळ का नाही? पेनड्राइव्ह खोचताच स्वतःची ओळख सांगतो: बनवणाऱ्याचा क्रमांक अमुक, वस्तूचा क्रमांक तमुक. यूएसबीच्या नियमांतच ते आहे. संगणकाला सगळं आपोआप कळतं हा आपला समज तिथून आलेला आहे. 'जोडताच सगळे सेन्सर स्वतः ओळखणारं एआय हवामान केंद्र' अशा जाहिराती याच समजावर पोसल्या जातात.

आमचं घड्याळ जोडलं होतं आयटूसी नावाच्या दोन तारांवर. तिथे ओळख सांगायची रीतच नाही. वर्गातली हजेरी डोळ्यांसमोर आणा. संगणक सात बिटांचा पत्ता पुकारतो, म्हणजे ० ते १२७ मधला एखादा क्रमांक. तो पत्ता ज्याचा असेल ती चिप नवव्या ठोक्याला तार खाली ओढते. म्हणजे 'हजर'. एवढंच. नाव नाही, गाव नाही. आमच्या घड्याळाचा पत्ता षोडशमान पद्धतीत ६८, आपल्या दशमानात १०४. गंमत अशी की हालचाल आणि कल मोजणारी एमपीयू६०५० ही चिपसुद्धा सहसा याच ६८ वर 'हजर' म्हणते. आवाज ऐकून संगणकाने कसं ठरवायचं, हे घड्याळ आहे की कल मोजणारा? चाचपून पाहावं, तर एकाला निरुपद्रवी असलेला प्रश्न दुसऱ्याला 'हे लिहून घे' असा हुकूम वाटू शकतो. काही जुन्या लॅपटॉपांवर अशाच चाचपणीने एका चिपमधला मजकूर बिघडला होता.

तेव्हा कोणीतरी कर्नलला, म्हणजे पायवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, आधीच लिहून द्यावं लागतं की कुठे काय आहे. या लेखी वर्णनाला डिव्हाइस ट्री म्हणतात. मी त्याला यंत्राचा सातबारा म्हणतो. तलाठी शेतात न जाता सांगू शकतो की अमुक गटात किती जमीन आहे आणि विहीर आहे की नाही. कर्नलही तसंच कागद पाहून कामाला लागतो.

ही कल्पना मुळात ओपन फर्मवेअरची, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या एका प्रणालीची. १९९४ मध्ये तिचं प्रमाण ठरलं आणि सन या संगणक कंपनीच्या व पॉवरपीसी प्रोसेसरच्या यंत्रांत ती वापरली गेली. मोबाइल आणि पायसारख्या, आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या यंत्रांच्या दुनियेत मात्र प्रत्येक बोर्डाचं वर्णन थेट कर्नलच्या सी भाषेतल्या मजकुरात कोंबलेलं असे. दर नव्या बोर्डाला नवी फाइल. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे उखडले आणि त्यानंतर आर्मवाले झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळले. घरच्या पीसीत हे काम एसीपीआय नावाचे तक्ते करतात, तो विषय वेगळा.

आता कागद उघडू. सगळ्यात वर मूळ, त्याखाली फांद्या: प्रोसेसर, मेमरी, आयटूसीच्या तारा. त्या तारांच्या फांदीला आमचं घड्याळ लटकतं. त्याच्या नोंदीत मुख्य ओळी दोनच. 'रेग' म्हणजे पत्ता: ६८. आणि 'कम्पॅटिबल', जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो: 'मॅक्सिम, स्वल्पविराम, डीएस३२३१'. आधी बनवणारा, मग वस्तू. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या जातीचं उपकरण चालवणारा प्रोग्राम. प्रत्येक ड्रायव्हर स्वतःजवळ अशा नावांची यादी ठेवतो. कर्नल नोंदीतलं नाव आणि ड्रायव्हरच्या यादीतलं नाव अक्षरशः पडताळतो. जुळलं की ड्रायव्हरला हाक जाते: हे घड्याळ तुझं. आमच्या घड्याळाला सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव डीएस१३०७ आहे. ते त्याच घराण्यातलं जुनं घड्याळ. पण त्याच्या यादीत डीएस३२३१ सुद्धा आहे, म्हणून चालतं. 'कम्पॅटिबल'मध्ये एकाहून जास्त नावंही देता येतात, नेमक्यापासून ढोबळाकडे. नेमका ड्रायव्हर नसला तर ढोबळ तरी मिळावा.

एक अक्षर चुकलं तर? काहीच होत नाही. चूक दाखवली जात नाही, घंटा वाजत नाही, फक्त घड्याळ मुकं राहतं. माझी एक आख्खी संध्याकाळ त्यात गेली आहे.

म्हणून बाइंडिंग लागतं. बाइंडिंग म्हणजे सातबाऱ्याच्या कोऱ्या नमुन्यासारखं काहीतरी: या जातीच्या उपकरणाच्या नोंदीत कोणते रकाने हवेत, कोणते ऐच्छिक, कशात काय लिहायचं. पूर्वी ही बाइंडिंगं साध्या गद्यात असत आणि माणसाने वाचून समजून घ्यायची. आता ती यामल या मांडणीत लिहितात, त्यामुळे चुकलेली नोंद संगणकच पकडून देतो. एकदा ठरलेलं बाइंडिंग सहसा मोडत नाहीत. जुन्या बोर्डाचा कागद नव्या कर्नललाही वाचता आला पाहिजे.

इथे जरा नेट लावून वाचा. 'रेग'मधला आकडा एकटा अर्थहीन आहे. तो कसा वाचायचा हे वरची फांदी सांगते: पत्त्याला बत्तीस बिटांची किती घरं, लांबीला किती. आयटूसीवर पत्त्याला एक घर, लांबीला शून्य, म्हणून नुसतं ६८. मेमरीच्या फांदीवर मात्र तेच 'रेग' कुठून सुरू आणि किती लांब असं दोन्ही सांगतं, आणि मोठ्या पत्त्यांना दोन-दोन घरं लागतात. जुन्या कागदावरचा ४० चा आकडा एकराच्या रकान्यात आहे की गुंठ्याच्या, यावर भावकीतली भांडणं होतात. तसंच हे.

आणखी एक पथ्य. या कागदात फक्त आहे ते लिहायचं, काय पेरायचं ते नाही. जमीन कोणती हे नमुना सातमध्ये, पीक नमुना बारामध्ये. डिव्हाइस ट्री म्हणजे सातच. पावसाची नोंद किती मिनिटांनी घ्यायची ही त्यात लिहायची गोष्ट नव्हे. खरं तर इथे माझी उपमा लंगडते, कारण सातबाऱ्याचा जीव मालकीत आणि इथे मालकीचा प्रश्नच नाही. पण 'स्टेटस'च्या रकान्यात 'डिसेबल्ड' लिहिलेलं उपकरण म्हणजे पडीत जमीन, हे मला मोडवत नाही.

लिहिलेला मजकूर मशीनला समजेल अशा फाइलीत बांधला जातो. तिचे पहिले चार बाइट नेहमी तेच असतात आणि षोडशमानात लिहिले की इंग्रजीत 'डूड फीड' असे वाचता येतात. मी पहिल्यांदा 'दूध फीड' वाचलं होतं. पायमध्ये मूळ फाइल तयारच येते. नंतर लावलेल्या वस्तूसाठी वरून एक छोटी पुरवणी जोडतात, तिला ओव्हरले म्हणतात. सातबाऱ्याला फेरफार असतो तोच प्रकार. आम्ही पायच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत ओव्हरलेची एक ओळ घातली: आयटूसी-आरटीसी, डीएस३२३१. आरटीसी म्हणजे घड्याळ.

मग तारांवरचे सगळे पत्ते पुकारून पुन्हा हजेरी घेतली. आधी तक्त्यात जिथे ६८ दिसत होतं तिथे आता 'यूयू' आलं. म्हणजे हा पत्ता आता ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, परस्पर हात लावू नका. मुलीने विचारलं, "आता लाइट जाऊ देऊ का?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने बटण बंद केलं. दहा मिनिटांनी चालू केलं. पडद्यावर चार वाजून सोळा मिनिटं. तिने सरांच्या मनगटावर पाहिलं. तिथे चार वाजून एकोणीस. सरांचं घड्याळ तीन मिनिटं पुढे चालतं, हे शाळेत सगळ्यांनाच माहीत आहे.