पीयूई कमी म्हणजे वीज कमी, असे नाही

'आमचा पीयूई १.३ आहे, म्हणजेच आमचे डेटा सेंटर ऊर्जा-कार्यक्षम आहे' हे विधान जाहिरातींत आणि बातम्यांत इतक्या वेळा येते, की त्यातला 'म्हणजेच' हा शब्द कोणालाही खटकेनासा झाला आहे. पीयूई म्हणजे 'पॉवर यूसेज इफेक्टिव्हनेस' : डेटा सेंटरमध्ये येणारी एकूण वीज भागिले त्यातील संगणकीय यंत्रांना, म्हणजे सर्व्हर वगैरेंना, मिळणारी वीज; हा आकडा १ च्या जितका जवळ, तितका चांगला मानतात. 'ग्रीन ग्रिड' या संस्थेने २००७ च्या सुमारास हे मापक रूढ केले. याच गुणोत्तराचा व्यस्त टक्क्यांत मांडला की त्याला डीसीआयई म्हणतात. तो फरक केवळ लेखनाचा आहे.

खरा घोळ भाजकात आहे. सर्व्हरपर्यंत पोहोचलेली प्रत्येक युनिट वीज पीयूई उपयुक्तच मानतो, मग तो सर्व्हर हिशेब करत असो वा नुसता चालू राहून खोली तापवत असो. हिशेबासाठी सोयीचे आकडे धरू. सर्व्हरना १००० किलोवॅट आणि शीतकरण, यूपीएस वगैरेंना ५०० किलोवॅट लागत असतील, तर पीयूई १.५ येतो. एखाद्या शहाण्या व्यवस्थापकाने रिकामे बसलेले सर्व्हर बंद केले आणि सर्व्हरचा भार ८०० वर आला. शीतकरणाची यंत्रणा मात्र त्याच प्रमाणात आकसत नाही, म्हणून इतर खर्च ४४० वर थांबला. एकूण वीज १५०० वरून १२४० झाली, पण पीयूई १.५५ वर चढला. अहवालात हा व्यवस्थापक नापास ठरतो.

उलट, खोलीचे तापमान वाजवीपेक्षा वाढवले तर चिलर म्हणजे शीतकरण यंत्र वगैरेंची वीज ५०० वरून ४२० होईल, पण सर्व्हरमधले पंखे जोराने फिरू लागतील. त्या पंख्यांची वीज सर्व्हरच्या खात्यात पडते, म्हणून तिकडचा भार समजा १०९० झाला. आता एकूण वीज १५१०, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त, आणि पीयूई मात्र सुमारे १.३९ इतका देखणा! पीयूई इमारतीची काटकसर सांगतो, कामाची नव्हे, हे एवढ्यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

कायद्याने याच आकड्यावर मर्यादा घातली की गोंधळ महाग पडतो. जर्मनीच्या २०२३ च्या ऊर्जा-कार्यक्षमता कायद्याने १ जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांसाठी पीयूईची कमाल मर्यादा १.२ ठरवली. त्याच कायद्यात वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग पुन्हा वापरण्याची अटही आहे, आणि माझ्या मते ती अधिक समंजस आहे. युरोपीय संघाने ५०० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या केंद्रांकडून ऊर्जेसोबत पाण्याचाही वार्षिक हिशेब मागितला, हेही योग्यच झाले; कारण पाण्याचे बाष्पीभवन करून हवा थंड केली की पीयूई सुधारतो आणि टँकरचे बिल त्यात कुठेच दिसत नाही.

आराखड्यातला पीयूई आणि वर्षभर मोजलेला पीयूई एकाच वाक्यात तोलणाऱ्यांविषयी मला विशेष राग आहे. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या दमट मे महिन्याची फिनलंडच्या थंड हवेशी या आकड्यावरून तुलना करणे तितकेच निरर्थक. मीटर यूपीएसच्या बाहेर बसवला की थेट सर्व्हरच्या तोंडाशी, यावरही आकडा बदलतो. म्हणून कोणी पीयूई सांगितला, तर मी आधी मीटरची जागा आणि मोजणीचा कालावधी विचारतो, आणि मग त्या वर्षाची एकूण युनिटे व सर्व्हरचा सरासरी वापर.