पाच रचना, एक नाव: ‘काइंड ऑफ ब्लू’ची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केलेला होता. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत तिथे पाच रचना ध्वनिमुद्रित झाल्या आणि ऑगस्टमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची तबकडी बाजारात आली. पाचही रचनांपुढे रचनाकार म्हणून एकच नाव होतं, ते संचाच्या प्रमुखाचं, म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं.

नावामागे पैसा असतो. १९०९च्या अमेरिकी कायद्याने रचनेला तबकडीमागे दोन सेंट ठरवले, आणि हा दर थेट १९७८पर्यंत टिकला. ही रक्कम रचनाकार आणि प्रकाशकाची. सोलो कितीही अफाट वाजवला तरी वाजवणाऱ्याच्या हाती त्या दिवसाची बिदागी. चाळीसच्या दशकात बीबॉप या जॅझशैलीच्या वादकांनी यातून वाट काढली: गाजलेल्या गाण्याच्या स्वरसंगती (कॉर्ड) तशाच ठेवायच्या आणि वर नवी चाल बसवायची. हक्क चालीवर सांगता येई, खालच्या सांगाड्यावर नाही.

या तबकडीवर मात्र सांगाडाच विरळ झाला. ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेचे ३२ बार (ठरावीक मात्रांचे गट) घ्या. स्वर आपल्या काफी थाटाचे. सोळा बार एका षड्जावरून, आठ बार अर्धा स्वर वरच्या षड्जावरून, शेवटचे आठ पुन्हा खाली. याला ‘मोडल’ म्हणतात. आपल्याकडे कुणी चटकन ‘राग’ म्हणतं, ते चुकीचं. यात पकड नाही, वादी-संवादी नाही. फार तर थाट म्हणावं. आणि थाटावर कुणी मालकी कशी सांगणार? आपल्याकडे निदान बंदिशीत रचनाकाराच्या नावाची मुद्रा तरी असते.

खरी गाठ ‘ब्लू इन ग्रीन’ची. संचातला पियानोवादक बिल एव्हन्स याने नंतर सांगितलेली हकिकत अशी की ट्रम्पेटवादकाने कागदावर दोनच स्वरसंगती दिल्या, जी मायनर आणि ए ऑगमेंटेड, आणि विचारलं, याचं तू काय करशील? त्याने घरी जाऊन दहा बारांचं आवर्तन लिहिलं, कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळू नये असं. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या त्रयीबरोबर ते पुन्हा मुद्रित केलं, तेव्हा श्रेय दोघांना होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका रेडिओ कार्यक्रमात त्याने रचना आपलीच असल्याचं सांगून टाकलं. ट्रम्पेटवादकाच्या १९८९च्या आत्मचरित्रात नेमकं उलट: तबकडीवरचं सगळं माझं.

कान कुणाच्या बाजूने जातो? तबकडीच्या काही महिने आधी दुसऱ्याच एका ट्रम्पेटवादकाच्या मुद्रणात या पियानोवादकाने वाजवलेला प्रारंभ ऐकावा; जवळपास याच स्वरसंगती तिथे आहेत. ‘फ्लॅमेन्को स्केचेस’ची सुरुवातही त्याच्याच १९५८च्या एका एकल वादनातून आलेली. कल्पना प्रमुखाची होती, हे मान्य. पण कल्पना म्हणजे रचना नव्हे.

छापण्यातही गोंधळ होताच. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट पडली. मार्चमधल्या सत्रात टेपयंत्र हळू चाललं होतं, म्हणून पहिली बाजू किंचित चढ्या स्वरात वाजायची. ते १९९२मध्ये दुरुस्त झालं. म्हणजे तीसहून अधिक वर्षं लोक तबकडीबरोबर वाजवायला बसत आणि आपलंच वाद्य उतरलं की काय म्हणून खुंट्या पिळत राहत! २००९मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ४०९ विरुद्ध शून्य मतांनी या तबकडीचा गौरव केला. ‘ब्लू इन ग्रीन’च्या नावापुढे एवढं एकमत अजून झालेलं नाही.

असा वाद ट्रम्पेटवादकाला नवा नव्हता. त्याच्या नावावर नोंदलेली १९५४ची ‘सोलर’ १९४६मध्येच एका गिटारवादकाने वेगळ्या नावाने मुद्रित केलेली होती. ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत ट्रम्पेटवादकाच्या थडग्यावर स्वरलिपी कोरलेली आहे. ती ‘सोलर’चीच.