इंग्रजी बोलताना हात कुठे ठेवायचे?

बेळगावात लंडन मिशनने १८३२ मध्ये इंग्रजी शाळा काढली. आजचं बेननस्मिथ हायस्कूल ते हेच. म्हणजे इंग्रजी इथे चांगली मुरलेली. पण ती शिकवली गेली मुख्यतः वाचायला, लिहायला, भाषांतर करायला. ज्याला पुढे कचेरीत अर्जच खरडायचे, त्याला हातवारे कोण शिकवणार?

देहबोलीचे धडे मराठी शाळेनेच दिले, तेही दोन टोकांचे. वर्गात ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. आणि वक्तृत्व स्पर्धेत ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणत छाती काढून उभं राहायचं, शेवटच्या वाक्याला मूठ वर! १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून सीमाभागाला सभा-भाषणांचं वेड काही कमी झालेलं नाही.

१९९८ मध्ये बेळगावातच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आलं आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना शेवटच्या वर्षी सेमिनार द्यावाच लागला, इंग्रजीत. मग खानापूर-निपाणीकडची हुशार मुलगी उभी राहते ती हात पाठीमागे बांधून, नजर स्लाइडवर खिळवून. सर म्हणतात, ‘आय कॉन्टॅक्ट ठेव.’ घरी मात्र मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला की उद्धट ठरते. तिने ऐकावं कुणाचं? माणसं किती अंतर राखून उभी राहतात, वेळ कशी पाळतात, हेही संस्कृतीगणिक बदलतं, असं अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉलने १९५९ मध्येच मांडलं होतं. सॉफ्ट स्किल्सच्या वर्गात तेवढं विसरलं जातं.

भाषाशिक्षणाच्या शास्त्रात हातवाऱ्यांना रीतसर जागा मिळाली ती कनाल आणि स्वेन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या १९८० च्या मांडणीत. शब्द अडला तर खुणेने वेळ मारून नेणं हेही भाषा येण्याचाच भाग, असं त्यांनी धरलं. बाजारात वाण्याशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणाऱ्या बेळगावकराला यात नवल वाटू नये.

सॉफ्ट स्किल्सच्या वर्कशॉपमध्ये गाजतो मात्र वेगळाच आकडा: शब्दांचा प्रभाव ७ टक्के, आवाजाचा ३८, चेहऱ्याचा ५५. तो मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतला. तिथे एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढंच विचारलं. काँक्रीटच्या मजबुतीवरच्या सेमिनारला ते गणित लावायचं म्हणजे कमाल आहे! पण लावतात, आणि मुलं आरशासमोर हात हलवायचा सराव करून येतात. विषयातला पहिला प्रश्न आला की हात पुन्हा पाठीमागे.