३०३ की ७१०? केबिनच्या जमिनीसाठी प्लाय घेताना

शेतावर दहा बाय बाराची केबिन, लोखंडी बॉक्स पाइपची फ्रेम, वर पत्रा आणि पायाखाली लाकडी जमीन असं ठरलं की पहिला फेरा प्लायच्या दुकानात होतो. तिथे दोन शीट समोर येतात. दोन्ही लालसर, दोन्ही १८ मिमी, आणि दुकानदाराच्या मते दोन्ही वॉटरप्रूफ. एकीवर आयएस (भारतीय मानक) ३०३ आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, असा छाप, दुसरीवर आयएस ७१०, म्हणजे मरीन, बोटींच्या कामाचा दर्जा. दुसरीचा भाव चांगलाच चढा. मग सुतार म्हणतो, "७१०च घ्या साहेब, जमीन आहे." त्याचं काय जातं?

नुसत्या नजरेने या दोघींतला फरक कळत नाही. लाल रंगावर तर अजिबात जाऊ नये, तो बऱ्याचदा वरून लावलेला असतो. कापलेली कड पाहिली तर गोंदाच्या काळपट रेषा दोन्हींत दिसतील, कारण दोन्हींत फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. रेषा फिकट असतील तर तो बहुधा एमआर (नुसती ओल सोसणारा), म्हणजे कमर्शियल प्लाय, युरियाच्या गोंदाचा. तो घरातल्या कपाटांना ठीक, केबिनच्या जमिनीला नको. काही जण तुकडा कुकरमध्ये उकळून बघतात. त्यातून एमआर उघडा पडतो, पण ३०३ बीडब्ल्यूआर आणि ७१० वेगळे ओळखू येत नाहीत. ७१०ची मानक चाचणी ७२ तास उकळण्याची आहे, तेवढा गॅस कोण जाळणार! त्यापेक्षा शीटवरचा आयएसआय मार्क आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, बघा आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळा. नुसतं '७१० ग्रेड' असं छापलेलं असेल आणि क्रमांक नसेल, तर त्या छापाला अर्थ नाही.

आता खरा फरक. उकळण्याची चाचणी सांगते की पापुद्रे एकमेकांना किती घट्ट धरून राहतात. त्या बाबतीत ७१० सरस आहेच, पण केबिनमध्ये जमीन कोणी तीन दिवस उकळत नाही. तिथे प्लायला मारतात त्या तीन गोष्टी: दारातून येणारे पावसाचे शिंतोडे, खालच्या मातीतून वर येणारी ओल आणि वाळवी. वाळवीला आणि बुरशीला गोंदाशी देणंघेणं नसतं, त्यांना लाकूड हवं असतं. ७१०चे जादा पैसे माझ्या मते इथे वसूल होतात. त्यात कोणतं लाकूड वापरायचं याची निवड कडक असते, आतल्या थरांत पोकळी राहण्याला मुभा कमी असते, आणि पापुद्र्यांना पाण्याने धुपून न जाणाऱ्या औषधाची प्रक्रिया बंधनकारक असते. ३०३चं मानक याबाबत एवढं कडक नाही.

मग काय घ्यावं? जमीन मातीपासून दीड-दोन फूट उंच असेल, खालून वारा खेळत असेल आणि केबिन नेहमी वापरात असेल, तर ३०३ बीडब्ल्यूआर पुरेसं आहे. वाचलेले पैसे फिनिशिंगवर घाला. केबिन कोकणात असेल आणि जून ते सप्टेंबर कुलूपबंद राहणार असेल, किंवा जोतं बुटकं असून खाली पाणी साचत असेल, तर सरळ ७१० घ्या. मधला मार्गही आहे: सगळीकडे ३०३ आणि दाराजवळचा पट्टा व मोरीची बाजू तेवढी ७१०. वाळवीचा बंदोबस्त मात्र दोन्हींत जमिनीखालच्या मातीतच करायचा. ७१० घेतलं म्हणून तो टळत नाही. (जुनं शटरिंग प्लाय स्वस्तात मिळतं म्हणून कोणी सुचवेल. त्यावरच्या गुळगुळीत फिल्मवर पॉलिश धरत नाही, ओल्या पायाने माणूस घसरतो, शिवाय खिळ्यांची भोकं. जनावरांच्या गोठ्यात वापरा.)

दहा बाय बाराला आठ बाय चारच्या चार शीट पुरतात, मांडणी नीट केली तर. चार फूट रुंदीचे तीन पट्टे घ्यायचे, प्रत्येक दहा फूट लांब. तीन शीट अख्ख्या वापरायच्या, चौथीचे दोन बाय चारचे चार तुकडे करायचे. प्रत्येक पट्टा म्हणजे एक अख्खी शीट आणि एक तुकडा. मधल्या पट्ट्यात तुकडा उलट टोकाला टाकला की सांधे एका रेषेत येत नाहीत. खालचे आडवे पाइप एकेक फुटावर ठेवा, म्हणजे आडवा सांधा बरोबर पाइपवर येतो; सोळा इंचांवर ठेवले तर दोन फुटांचा सांधा अधांतरी राहतो. पट्ट्यांच्या लांब कडांखालीही आधाराचे तुकडे हवेत, नाहीतर तिथे पाय दबतो. वरच्या पापुद्र्याचे रेषे पाइपांना काटकोनात ठेवा, दोन शीटमध्ये ३ मिमी फट सोडा, भिंतीकडे ८-१० मिमी. खिळे नकोत, स्क्रू मारा, आणि त्यांची डोकी थोडी आत बुडवा. चौथा दोन बाय चारचा तुकडा उरतो, तो जपून ठेवा.

कारण पॉलिशचा नमुना त्यावरच करायचा आहे. प्लायचा वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो, त्यामुळे भाड्याचं जड सँडिंग मशीन फिरवलं की खालचा थर उघडा पडतो. १२०चा पेपर हलक्या हाताने, मग १८० किंवा २२०, बस. त्याआधीचं काम महत्त्वाचं आणि हमखास टाळलं जाणारं आहे: शीट बसवण्यापूर्वीच सहाही बाजू बंद करणं. खालच्या बाजूला बिटुमेनचा काळा रंग किंवा पातळ केलेल्या सीलरचे दोन हात द्या. चारही कडांना तर हात भरभरून द्यायचे, तिथे पापुद्र्यांची उघडी तोंडं पाणी पीत असतात. स्क्रूची भोकंही सीलरने भिजवा. सुतार म्हणेल खालून कोण बघतंय. ओल खालूनच येते.

वरच्या थराला दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. मेलामाइन फर्निचरवर छान दिसतं, पण चपलांच्या खालच्या वाळूने त्यावर लगेच ओरखडे उठतात. पहिला हात थोडा पातळ, मग दोन किंवा तीन हात, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये २२० ते ३२०च्या पेपरने हलकं घासणं. दोन घटक एकत्र कालवले की मिश्रण घट्ट होत जातं, म्हणून एका वेळी थोडंच बनवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याच्या वाफांसाठीचा मास्क लावा, साधा धुळीचा चालत नाही. जवसाचं तेल त्यापेक्षा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. पीयू खरवडलं गेलं तर तो भाग घासून पुन्हा लेप द्यावा लागतो, तेलाला जागच्या जागी पुन्हा चोळलं की झालं. मात्र ते पाणी कमी अडवतं आणि त्यात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवा.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्याच्या दमट हवेत पीयूला बुडबुडे येतात, आणि ओलं प्लाय सीलरने बंद केलं तर ओल आतच कोंडते. शीट आणल्यावर केबिनमध्येच काही दिवस उभ्या न ठेवता सपाट, लाकडी पट्ट्यांवर रचून ठेवा, मग बसवा.