पोरं दोनच, तरी लोकसंख्या वाढतेय कशी?

२०२३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की भारत चीनला मागे टाकून सगळ्यात जास्त लोकसंख्येचा देश होतोय, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर "लोकं पोरं काढतच सुटलेत" असे मेसेज फिरतायत. आकडे मात्र उलटं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ ला एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती, २०१९-२१ ला ती २.० वर आली. महाराष्ट्रात १.७, गोव्यात तर १.३. म्हणजे आईबापाची जागा भरून काढायला जी २.१ लागतात त्याच्याही खाली.

मग वाढ कुठून येते?

आधी थोडा इतिहास. जुन्या काळी जन्मही भरपूर आणि मृत्यूही भरपूर, त्यामुळे लोकसंख्या जवळपास जागच्या जागी. १९११ ते १९२१ मध्ये तर १९१८ च्या इन्फ्लुएंझामुळे ती किंचित घटलीच. नंतर लसी आल्या, औषधं आली, पाणी सुधारलं आणि मृत्यू आधी कमी झाले. (देवीचा रोग हा कोप आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलले गेले, तो गेला लसीने, १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला.) जन्म मात्र लगेच कमी होत नाहीत, कारण झालेली पोरं जगतील हा भरवसा यायला वेळ लागतो, मुली शाळेत जायला लागतात, लग्नं उशिरा होतात, मग कुठे घरं लहान होतात. या मधल्या काळात लोकसंख्या फुगते. १९५१ ला ३६ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जरा हिशोब आहे पण सोडू नका. एका गावात आजी-आजोबांच्या पिढीत १०० जोडपी, म्हणजे २०० माणसं. प्रत्येकी ४ मुलं, तर पुढच्या पिढीत ४०० माणसं, म्हणजे २०० जोडपी. यांनी "हम दो हमारे दो" अगदी काटेकोर पाळलं तरी पोरं होणार ४००. गावात झाले २००+४००+४०० = १०००. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत आजी-आजोबा गेले, मृत्यू २०० आणि नवी पोरं परत ४००, म्हणजे गाव १२०० चं झालं! कुणीही दोनपेक्षा जास्त मूल होऊ दिलं नाही तरी गाव २० टक्के वाढलं, कारण आईबाप होणाऱ्या वयाची माणसंच जास्त आणि मरायच्या वयाची कमी. त्यानंतर ४०० जाणार ४०० येणार आणि वाढ थांबणार. यालाच लोकसंख्येचा संवेग म्हणतात आणि भारत आत्ता त्याच टप्प्यात आहे. वाढ थांबायला अजून काही दशकं लागतील, आज कितीही कडक कायदा केला तरी नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुली काही कमी होणार नाहीत, त्या आता आई व्हायच्या वयात आहेतच.

अमुक धर्माचे लोक देश ताब्यात घेणार, ही ओरडसुद्धा याच आकड्यांपुढे टिकत नाही. मुस्लिम बायकांची सरासरी १९९२-९३ ला ४.४ होती, ती २०१९-२१ ला २.४ च्या खाली आली, आणि फरक धर्मापेक्षा शिक्षणाचा जास्त दिसतो, कारण शाळेत न गेलेल्या बायकांत २.८ तर बारावी किंवा पुढे शिकलेल्यांत १.८.

वयाचा हा खेळ मृत्युदरातही दिसतो. २०२० च्या नमुना नोंदणीत (निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजून सरकार दर काढतं ती) केरळात वर्षाला हजार माणसांमागे ७ मृत्यू आणि बिहारमध्ये साडेपाचच्याही आत. म्हणून बिहारचे दवाखाने केरळपेक्षा भारी का? नाही हो, केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत एवढंच. जपानमध्ये तर हा दर १२ च्या वर आहे आणि तिथली माणसं जगात सगळ्यात जास्त जगणाऱ्यांमध्ये मोडतात. पुढे आपलाही मृत्युदर असाच चढत जाणार आहे, तेव्हा "देश आजारी पडला" असे मेसेज येतील, त्यावेळी आधी साठीच्या पुढची माणसं किती ते बघा.