शाळा-पालक ऑनलाइन संपर्क (सातारा-सांगली)

शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांनी मोबाइल व इंटरनेटच्या साधनांतून एकमेकांशी ठेवलेला रोजचा संपर्क. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गूगल फॉर्म, गूगल मीटवरची पालकसभा, शाळेचे यूट्यूब चॅनेल, सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक अ‍ॅपवरचे पाठ, काही खासगी शाळांची स्वतःची अ‍ॅप अशी बरीच साधने त्यात येतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात मात्र पहिले साधनच सगळ्यांच्या पुढे आहे. ‘ग्रुपवर टाकलंय’ एवढे म्हटले की पालकाला पुरते.

दोन जिल्ह्यांचा विचार इथे एकत्र केला आहे, कारण सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९पर्यंत साताऱ्यातच होता आणि १९६०पर्यंत त्याचे नावही दक्षिण सातारा असेच होते. शेती, दुष्काळ, परगावची नोकरी आणि शिक्षणाची ओढ या गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृहे उभी केली. त्या काळी शिकणारे मूल घरापासून दूर असे. आज पुष्कळ घरांत मूल घरी आहे आणि आईबाप दूर आहेत. या भागातल्या ऑनलाइन संपर्काचे खरे मोल इथे आहे.

आधीची रीत आणि कायदा

फोन येण्याआधी शाळा आणि घर यांची गाठ प्रगतिपुस्तकावरच्या सहीत, गुरुजींच्या गृहभेटीत आणि पालकसभेत पडत असे. सुगीत पालकसभा भरवली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९मध्ये झाला, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, आणि त्याने या नात्याला कायद्याचा आधार दिला. कलम २१नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. त्यात पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना कळवणे हेही एक कर्तव्य आहे.

कोणत्याही वर्गाच्या ग्रुपची पारख याच कलमावर करावी. महिनाभराचे मेसेज वर सरकवून पाहिले तर हजेरी, क्षमता आणि प्रगती यांबद्दल किती आणि सूचना, शुभेच्छा, कागदपत्रांच्या मागण्या किती, हे लगेच ध्यानात येते. बहुतेक ग्रुपमध्ये दुसऱ्या प्रकारचे पारडे जड असते.

परगावचे पालक

पाटण आणि जावळी तालुक्यांतून पिढ्यान्पिढ्या माणसे मुंबईला गेली. ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. नवी मुंबईच्या बाजार समितीत आजही या भागातले माथाडी मोठ्या संख्येने काम करतात. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातले गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते, इतकी सैन्याची परंपरा तिथे आहे. अशा घरांत मूल आजी-आजोबांकडे किंवा एकट्या आईकडे असते.

पालकसभेला हे वडील कधीच येऊ शकत नव्हते. ‘तुमचा मुलगा भागाकारात मागे पडतोय’ हे त्यांना कळायचे ते दिवाळीच्या किंवा यात्रेच्या सुट्टीत, आणि तेही घरच्यांच्या तोंडून. आता सीमेवरचा जवान रेंज आली की मुलाच्या वहीचा फोटो पाहतो, आणि दूरच्या राज्यातल्या दुकानात बसलेला गलाई कारागीर स्नेहसंमेलनातला मुलीचा नाच पाहतो.

पाटण खोऱ्यातल्या अशा घरातली नेहमीची संध्याकाळ घ्या. मूल आजीजवळ, आईवडील नवी मुंबईत, कोपरखैरण्याला. पाचच्या सुमारास ग्रुपवर मेसेज येतो :

‘इयत्ता तिसरी. आजचा अभ्यास. मराठी : पान २४ वाचणे व १० ओळी शुद्धलेखन. गणित : ७चा पाढा, हातच्याची ५ उदाहरणे. ज्यांनी आधारची झेरॉक्स दिली नाही त्यांनी उद्या नक्की आणावी.’

आजीकडे बटणाचा साधा फोन. त्यावर ग्रुप नाही. मेसेज आईने वाचलेला असतो, कामावरून परतताना. साडेआठला ती फोन लावते, पोरीकडून पान २४ वाचून घेते, कुठे अडखळली ते ऐकते. गावातल्या शाळेचा निरोप मुंबईला जाऊन पुन्हा गावातल्याच घरात येतो, पण पोचतो. आणि कधीतरी उलट दिशेनेही काही जाते. ‘बाई, ती फळ्यावरचं दिसत नाही म्हणते, पुढं बसवाल का?’ हा मेसेज ग्रुपवर येत नाही, बाईंच्या खासगी नंबरवर येतो. चारचौघांत आपल्या मुलाची अडचण सांगणे कुणाला आवडेल? म्हणून ग्रुपएवढेच, किंबहुना जास्तच, महत्त्व शिक्षकाच्या वैयक्तिक उत्तराला आहे.

स्थलांतराची दुसरी बाजू ऊसतोडीची. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. मुले बरोबर आली तर त्यांची शाळा गावाकडे, वर्गाचा ग्रुपही गावाकडचाच. बापाच्या फोनवर तिकडच्या वर्गाचा अभ्यास येत राहतो आणि मूल इकडे फडात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत असते. अशा मुलांना जवळच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. मूळ शाळेचे गुरुजी आणि इथल्या बाई यांच्यात फोनवर बोलणे झाले तर कार्डावरच्या नोंदीला अर्थ येतो. मूल काय वाचू शकते, कुठे थांबले आहे, हे दोन मिनिटांत सांगता येते. हे बोलणे प्रत्येक हंगामात, प्रत्येक मुलासाठी झाले पाहिजे.

ग्रुप कसा चालतो

ग्रुप वर्गशिक्षक तयार करतात आणि तेच अ‍ॅडमिन असतात. फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज टाकावेत, ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८मध्ये दिली आणि शाळांनी ती पटकन उचलली. कारणे खरी होती : रोजची सुप्रभात, निवडणुकीतले फॉरवर्ड, एका सूचनेखाली चाळीस वेळा ‘ओके सर’. पण कुलूप लावले की ग्रुपचा सूचनाफलक होतो. पालक वाचतो, बोलू शकत नाही. याला सोपा उपाय आहे. दिवसा ग्रुप बंद ठेवायचा आणि संध्याकाळी तासभर सगळ्यांना खुला करायचा. त्या तासात शिक्षकांनी उत्तर द्यायचे, त्यानंतर फोन बाजूला ठेवायचा. शिक्षकालाही घर आहे. रात्री अकराला आलेल्या प्रश्नाचे उत्तर सकाळी दिले तर काही बिघडत नाही, हे पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

शाळेच्या दप्तरात बहुधा वडिलांचा नंबर लिहिलेला असतो. अभ्यास घेणारी, डबा भरणारी, पालकसभेला येणारी आई असते, आणि मेसेज जातो रानात किंवा एमआयडीसीत गेलेल्या वडिलांच्या खिशात. दोघांचे नंबर घेतले की निम्मी अडचण तिथेच संपते. ज्या आजी-आजोबांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज हा उत्तम मार्ग. घरातला स्मार्टफोन हाती आला की त्यांना गुरुजींचा आवाज ओळखीचा वाटतो आणि निरोप नीट कळतो.

शिक्षकांच्या फोनवर मात्र दुसरीही गर्दी असते. सरल आणि यूडायस प्लस या शाळांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालींत माहिती भरणे, केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) ग्रुप, बीटचा (अशा काही केंद्रांचा) ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, आणि ‘तत्काळ पाठवा’ असे लिहिलेला एक्सेल तक्ता. ही साधने शिक्षकाला कार्यालयाशी जोडतात, घराशी नाही. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरायला बसला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात. ऑनलाइन साधनांनी शिक्षक पालकांच्या जवळ आले की दूर गेले, असे विचारले तर उत्तर त्या दिवशी कार्यालयाने काय मागितले यावर ठरते.

२०२०-२१

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि तोवर जोडकाम असलेला ग्रुप हाच वर्ग झाला. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत दीक्षावरच्या पाठांच्या लिंक पाठवायला सुरुवात केली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरूनच प्रश्न सोडवायचा ‘स्वाध्याय’ हा उपक्रम आला.

देशाच्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, शाळेत दाखल मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२०मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर दहा मुलांमागे जवळपास चार मुलांच्या घरी तो नव्हताच. ज्या घरात होता तिथेही तो एकच असे आणि सकाळी कामावर निघून जाई. सोडवलेल्या स्वाध्यायाचे फोटो रात्री जेवणानंतर ग्रुपवर येत : आडवे, अर्धे कापलेले, ट्यूबलाइटची चकाकी पडलेले. शिक्षक ते एकेक मोठे करून तपासत आणि लाल शाईऐवजी ‘छान’, ‘तिसरे उदाहरण पुन्हा कर’ असे टाइप करत. त्या दिवसांत कित्येक शिक्षक वाड्या-वस्त्यांवर जाऊन पारावर, देवळाच्या ओवरीत मुलांना बसवत, कारण लिंक पाठवली म्हणजे मूल शिकले असे होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

रेंज

महाबळेश्वर तालुक्यातले कांदाटी खोरे कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे आहे. तापोळा, बामणोलीच्या बाजूने लाँचने ये-जा चालते. अशा दुर्गम भागात आणि पाटणच्या डोंगरवाड्यांत फोन असूनही रेंज नसते. पावसाळ्यात वीज गेली की होती तीही जाते. इथे कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी आणि गृहभेट यांना पर्याय नाही. व्हिडिओ न पाठवता साधा मजकूर पाठवावा, तो एखाद्या उंचवट्यावर गेल्यावर तरी उतरतो. रिचार्ज संपला की फोन निव्वळ घड्याळ उरतो, हेही शिक्षकांनी गृहीत धरावे.

अतिवृष्टीच्या दिवसांत याच ग्रुपचे महत्त्व अचानक वाढते. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की आदेशाची प्रत काही मिनिटांत घरोघरी पोचते. ऑगस्ट २०१९चा सांगलीचा महापूर आणि जुलै २०२१मधल्या पाटण तालुक्यातल्या दरडी ज्यांनी पाहिल्या, त्यांना या मिनिटांची किंमत सांगावी लागत नाही. मात्र मागच्या वर्षीचा आदेश तारीख न पाहता पुढे ढकलला जाण्याचा प्रकारही होतो. सुट्टीचा निरोप वर्गशिक्षकांकडूनच आला तरच खरा धरावा.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही व मोबाइल बंद होतात. टाळेबंदीत अभ्यासासाठी हातात दिलेला फोन मुलांच्या हातून सुटेना, तेव्हा गावाने मिळून हा मार्ग काढला. त्या वेळात मुले वह्या-पुस्तके घेऊन बसतात. काहींना ही रीत ऑनलाइन संपर्काच्या विरुद्ध वाटते, पण तसे नाही. शाळेचा निरोप पालकासाठी असतो, अभ्यास मुलाने करायचा असतो. पालकाने मेसेज वाचून फोन ठेवला आणि मुलाशेजारी बसला, तर ग्रुप आणि भोंगा दोन्ही आपापले काम करतात. फोनच मुलाच्या हाती देऊन ‘बघ काय आलंय’ म्हटले, तर मात्र दोन्ही वाया जातात.

फोटो, गुण आणि संमती

पोषण आहाराचा, प्रभातफेरीचा, बक्षीस समारंभाचा फोटो ग्रुपवर टाकणे आता अंगवळणी पडले आहे. तिथून तो कुणाच्या स्टेटसला जाईल हे शिक्षकांच्या हाती राहत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक धरले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकाच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घातले आहे. कायद्याच्या तपशिलात न शिरताही दोन गोष्टी आजच पाळता येतात. सगळ्या वर्गाच्या गुणांची यादी ग्रुपवर टाकू नये, ज्याचे गुण त्याच्याच पालकाला पाठवावेत. आणि आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक यांचे फोटो ग्रुपवर कधीही मागू नयेत. ते खासगी नंबरवर घ्यावेत आणि काम झाले की फोनमधून पुसावेत.

वर्ष बदलताना

पुष्कळ जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच्या आहेत. पाचवीला मूल शेजारच्या मोठ्या गावात, हायस्कुलात जाते. दाखला, प्रगतिपत्रक, आधारची प्रत त्याच्याबरोबर जाते. चार वर्षांत बाईंना आणि घरच्यांना ग्रुपवर, खासगी मेसेजमध्ये, फोनवर जे उमगले ते मागेच राहते. त्याला एका डोळ्याने कमी दिसते, त्याचे वडील सैन्यात आहेत आणि आईशी दुपारनंतरच बोलता येते, त्याला चारचौघांत वाचायला सांगितले की तो गप्प होतो, यातले नव्या वर्गशिक्षकाला काहीच ठाऊक नसते. जूनमध्ये नवा ग्रुप बनतो, त्यात साठ-सत्तर नंबर भरले जातात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुन्या बाईंनी नव्या सरांना मुलामागे चार ओळी लिहून पाठवाव्यात, त्यासाठी कोणतेही नवे अ‍ॅप लागत नाही. केंद्रप्रमुखांनी दरवर्षी मेअखेर हे काम वेळापत्रकात घातले तर ते होईल.